१०० कोटी, एक रात्र आणि ६,८४९ रुपये

२०२५ च्या जानेवारीत भारतीय बँकांना पैशाची चांगलीच चणचण होती. रुपया सावरण्यासाठी रिझर्व्ह बँकेने डॉलर विकले होते, त्याबदल्यात बँकांकडचे रुपये तिच्याकडे परत गेले होते. वर करभरण्याचे दिवस. महिन्याच्या उत्तरार्धात सगळ्या बँका मिळून रिझर्व्ह बँकेकडून रोज जी उसनवारी करत होत्या, ती तीन लाख कोटी रुपयांच्या आसपास पोचली. आणि त्याच दिवसांत, रोज रात्री, काही बँका आपल्याकडचा जास्तीचा पैसा रिझर्व्ह बँकेच्याच स्थायी ठेव सुविधेत, म्हणजे एसडीएफमध्ये, नेऊन ठेवत होत्या. एका बँकेला उसने हवेत, दुसरीकडे पडून आहेत, पण दोघी एकमेकींशी व्यवहार करायला तयार नाहीत. ७ फेब्रुवारीच्या पतधोरणात गव्हर्नर संजय मल्होत्रा यांना हे उघडपणे बोलावं लागलं. काही बँका विनातारण कॉल मनी बाजारात, म्हणजे बँका एकमेकींना एका रात्रीपुरता पैसा देतात तिथे, पैसा द्यायला नाखूष आहेत, त्याऐवजी तो आमच्याकडे आणून ठेवतात. आपसात व्यवहार करा, असं त्यांनी बँकांना सांगितलं.

विकसनशील देशांतल्या बँका गरजेपेक्षा जास्त राखीव पैसा का बाळगतात, या प्रश्नावर लिहिताना बहुतेक वेळा सुरुवात भरपूर पैशाच्या काळापासून होते. मला टंचाईचा काळ जास्त बोलका वाटतो. पूर आलेला असताना सगळ्यांच्याच घरात पाणी असतं. टंचाईत कोण किती आणि का साठवतो, यावरून त्याच्या मनातली भीती कळते.

आधी हिशेब नीट मांडू. प्रत्येक शेड्यूल्ड बँकेचं रिझर्व्ह बँकेत एक चालू खातं असतं. रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे बँकेने आपल्या मागणी आणि मुदत देण्यांच्या, म्हणजे ढोबळमानाने ठेवींच्या, ठरावीक टक्के रक्कम या खात्यात ठेवायची असते. हे रोख राखीव प्रमाण, सीआरआर. २०२५ मध्ये ते चार हप्त्यांत ४ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आलं. या रकमेवर मार्च २००७ च्या अखेरीपासून एक पैसाही व्याज मिळत नाही. त्यामुळे त्याच्यावरची रक्कम कोणताही शहाणा ट्रेझरीवाला, म्हणजे बँकेचा रोजचा पैसा सांभाळणारा, चालू खात्यात पडू देत नाही, ती एसडीएफमध्ये जाते. म्हणून आपल्याकडे जास्तीचे राखीव पैसे शोधायचे असतील, तर फक्त चालू खात्यातली शिल्लक बघून चालत नाही. एसडीएफमधली आणि रिव्हर्स रेपोतली, म्हणजे रोखे तारण घेऊन रिझर्व्ह बँकेकडे ठेवलेली, रक्कम त्यात मिळवावी लागते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि वर्तमानपत्री चर्चेत ती सतत निसटते. एखादी बँक कर्ज देऊन स्वतःकडचा राखीव पैसा कमी करू शकते; सगळ्या बँका मिळून करू शकत नाहीत. समजा एका बँकेने कारखानदाराला ५० कोटी दिले. त्याने ते यंत्र विकणाऱ्याला दिले, आणि त्याचं खातं दुसऱ्या बँकेत आहे. पहिल्या बँकेच्या रिझर्व्ह बँकेतल्या खात्यातून ५० कोटी दुसरीच्या खात्यात गेले. एकूण रक्कम तेवढीच राहिली. ती एकूण रक्कम बदलते ती वेगळ्याच कारणांनी: रिझर्व्ह बँकेने डॉलर किंवा रोखे घेतले की वाढते, विकले की घटते; सरकारने खर्च केला की वाढते, कर गोळा केला की घटते; लोकांनी नोटा काढून घरात ठेवल्या की घटते. ‘बँका पैसा दाबून बसल्यात, कर्ज देत नाहीत’ या तक्रारीत दोन वेगळे प्रश्न गुंतलेले असतात. एकूण पैसा इतका का झाला, हा रिझर्व्ह बँकेला विचारायचा प्रश्न. तो हातात असूनही बँका निवांत का बसतात, हा बँकांना विचारायचा.

२०२० आणि २०२१ मध्ये दोन्ही प्रश्न एकाच वेळी उभे होते. मार्च २०२० अखेर देशाची परकीय गंगाजळी सुमारे ४७८ अब्ज डॉलर होती, वर्षभरात ती ५७७ अब्जांच्या आसपास गेली. रिझर्व्ह बँकेने विकत घेतलेल्या प्रत्येक डॉलरमागे तेवढे रुपये बँकांच्या खात्यांत जमा झाले. सीआरआर ४ वरून ३ टक्के झाला. रोखेखरेदी चालूच होती. १५ एप्रिल २०२० ला बँकांनी रिव्हर्स रेपोमध्ये ठेवलेली रक्कम ६.९ लाख कोटी रुपये होती. रिझर्व्ह बँकेने रिव्हर्स रेपोचा दर २७ मार्चला ४ टक्के, १७ एप्रिलला ३.७५, २२ मेला ३.३५ असा खाली खाली आणला, म्हणजे इथे पैसा ठेवणं परवडू नये आणि तो बाहेर जावा. पैसा हलला नाही. २३ एप्रिलला २५,००० कोटींची एक खास योजना आली. बँकांनी स्वस्तात तीन वर्षांसाठी पैसा घ्यायचा, आणि बिगरबँक वित्तसंस्थांच्या रोख्यांत घालायचा, त्यातही निम्मा तरी छोट्या-मध्यम संस्था आणि मायक्रोफायनान्सकडे. बोली आली १२,८५० कोटींची. पैसा समोर ठेवला होता, दर चांगला होता, तरी जवळजवळ निम्मा उचललाच गेला नाही. परत येईल की नाही ही शंका दरापेक्षा मोठी होती. माझ्या मते या विषयातलं हे सर्वात बोलकं उदाहरण आहे.

आता ट्रेझरीच्या टेबलाजवळ जाऊ. कारण ‘बँक पैसा राखून ठेवते’ म्हणजे प्रत्यक्षात फंड्स डेस्कवर बसलेली दोन-तीन माणसं रोज काही आकडे ठरवतात.

धरा, बँकेच्या हिशेबातल्या ठेवी एक लाख कोटी आहेत. ३ टक्क्यांनी सीआरआर ३,००० कोटी. ही रक्कम रोज तंतोतंत ठेवायची नसते, पंधरवड्याची सरासरी जुळावी लागते. पूर्वी पंधरवडा शनिवार ते शुक्रवार असा १४ दिवसांचा होता. २०२५ च्या बँकिंग कायदे दुरुस्तीने तो १ ते १५ आणि १६ ते महिनाअखेर असा झाला. १ ते १५ या १५ दिवसांत रोजच्या शिलकीची बेरीज ४५,००० कोटी व्हायला हवी. शिवाय कोणत्याही दिवशी शिल्लक ९० टक्क्यांखाली, म्हणजे २,७०० कोटींखाली जाता कामा नये. आता डेस्कने सावधपणे पहिले दहा दिवस ३,१५० कोटी ठेवले तर बेरीज झाली ३१,५००. उरले १३,५००, पाच दिवसांत वाटले तर रोज २,७००. म्हणजे बरोबर किमान पातळी. पहिल्या दहा दिवसांत सरासरी ३,१५० च्या वर ठेवलेला प्रत्येक रुपया फुकट गेला, कारण शेवटी २,७०० च्या खाली उतरून तो वसूल करता येत नाही. किमान पातळीची अट नसती, तर सुरुवातीला केलेली सावधगिरी शेवटी परत मिळाली असती. ती आहे, म्हणून थोडा पैसा अडकतोच. कोविडच्या सुरुवातीला शाखांत आणि कार्यालयांत माणसं कमी होती, तेव्हा रिझर्व्ह बँकेने ही पातळी ९० वरून ८० टक्क्यांवर आणली होती. सप्टेंबर २०२० मध्ये ती सवलत संपली.

चूक झाली तर काय? कमी पडलेल्या रकमेवर त्या दिवसासाठी बँक रेट या रिझर्व्ह बँकेच्या जाहीर दरापेक्षा ३ टक्के जास्त दंडव्याज. पुढच्या दिवशीही कमीच राहिली तर ५ टक्के जास्त. डिसेंबर २०२५ मध्ये रेपो दर ५.२५ टक्के झाला तेव्हा एसडीएफ ५ टक्के आणि बँक रेट ५.५० टक्के झाला. म्हणजे पहिल्या दिवसाचा दंड ८.५० टक्क्यांनी. १०० कोटी एक दिवस कमी पडले तर २,३२,८७७ रुपये. रक्कम बँकेच्या मानाने किरकोळ आहे, पण दंड भरणं म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या नोंदीत येणं, आणि ते कोणालाच नको असतं.

उलट बाजू बघा. तेच १०० कोटी जास्त झाले आणि डेस्कने ते कॉल मनी बाजारात रेपो दराने न देता निमूट एसडीएफमध्ये ठेवले, तर तोटा फक्त पाव टक्क्याचा. १०० कोटींवर पाव टक्का, भागिले ३६५: एका रात्रीचे ६,८४९ रुपये. याच्यासाठी दुसऱ्या बँकेला विनातारण १०० कोटी द्यायचे? त्या बँकेची उसनवारीची मर्यादा आपल्या जोखीम समितीने मंजूर केलेली असावी लागते, सौद्यासाठी भांडवल बाजूला काढावं लागतं, आणि उद्या सकाळी ती बँक अडचणीत आली तर शंभर कोटींचा जाब डेस्कवरच्या माणसाला द्यावा लागतो. ६,८४९ रुपये कमावले म्हणून त्याची पाठ कोणी थोपटत नाही. एकदा हा आकडा समोर मांडला की जानेवारी २०२५ मधलं कोडं उरत नाही.

अशा वेळी बँकेला आठवतं ते कागदावरचं गणित नसतं. २३ सप्टेंबर २०१९ ला पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि खातेदारांना सुरुवातीला सहा महिन्यांसाठी फक्त १,००० रुपये काढायची मुभा मिळाली, तेव्हा मुंबईत शाखांपुढे लागलेल्या रांगा अख्ख्या महाराष्ट्राने पाहिल्या. ५ मार्च २०२० ला येस बँकेवर ५०,००० रुपयांची मर्यादा आली. मोठ्या बँका छोट्या बँकांच्या उसनवारीच्या मर्यादा त्यानंतर हळूच कापतात, आणि पुन्हा वाढवायला फार वेळ लावतात. विनातारण बाजार असाच आक्रसत जातो. आज एका रात्रीच्या उलाढालीत कॉल मनीचा वाटा अगदी थोडा उरला आहे. बाकी सगळं ट्रेप्ससारख्या तारणावरच्या बाजारात चालतं. ज्यांच्याकडे तारण ठेवायला पुरेसे सरकारी रोखे आहेत त्यांचं भागतं. ज्यांच्याकडे नाहीत त्या बँका पहिल्यापासूनच जास्तीची शिल्लक धरून ठेवतात. बाजार आपल्याला आयत्या वेळी दारात उभं करणार नाही, हे त्यांना ठाऊक असतं.

वेळेचाही प्रश्न आहे, आणि तो नवा आहे. डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस चोवीस तास, सातही दिवस चालतं. यूपीआयचे हिशेब दिवसातून अनेक फेऱ्यांत मिटवले जातात. एखादा मोठा खातेदार रात्री साडेदहाला २०० कोटी दुसऱ्या बँकेत वळवू शकतो. पण कॉल बाजार पूर्वी संध्याकाळी ५ ला बंद होई. १ जुलै २०२५ पासून ७ ला होतो. साताच्या पुढे पैसा कमी पडला तर रिझर्व्ह बँकेची महागडी एमएसएफ खिडकी, जास्त झाला तर एसडीएफ. दोन्ही रात्री ११:५९ पर्यंत उघड्या. पूर्वी शुक्रवारी घेतलेली रक्कम सोमवारपर्यंत अडकायची, त्यामुळे शनिवार-रविवारसाठी बँका भीतीपोटी मोठा साठा करत. ३० डिसेंबर २०२३ पासून सुटीच्या दिवशीही ती परत फिरवायची मुभा मिळाली. ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या स्वयंचलित सोयीमुळे दिवसअखेर किती शिल्लक ठेवायची तो आकडा बँक आधीच भरून ठेवू शकते. वरचा पैसा आपोआप जमा होतो, कमी असेल तर आपोआप उसना येतो. या दिसायला किरकोळ सुधारणा आहेत. पण राखीव साठा कमी करण्यात त्यांचा उपयोग दरात केलेल्या पाव टक्क्याच्या फेरफारापेक्षा जास्त असतो, असं माझं स्पष्ट मत आहे. शिलकीमागचं कारण अनिश्चितता असेल तर औषधही अनिश्चितता कमी करणारंच हवं.

सरकारचं खातं हा आपल्यासारख्या देशातला खास घटक. आगाऊ कराचा हप्ता १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्चला. जीएसटी दर महिन्याच्या २० तारखेला. हा पैसा बँकांतून निघून रिझर्व्ह बँकेतल्या सरकारी खात्यात जातो, आणि सरकार तो खर्च करेपर्यंत बँकांच्या दृष्टीने नाहीसा होतो. तारखा माहीत असतात, रक्कम आणि परत येण्याचा दिवस माहीत नसतो. त्यात दिवाळी, लग्नसराई, निवडणुका: लोक नोटा काढतात. आणि आपल्याकडे शाखेच्या तिजोरीतली रोकड सीआरआरमध्ये धरत नाहीत. तीच रोकड करन्सी चेस्टमध्ये, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या वतीने नोटा साठवणाऱ्या कोठारात, भरली की रिझर्व्ह बँकेची होते आणि बँकेच्या खात्यात जमा दिसते. शाखेत ठेवलीत तर ग्राहकाची सोय होते, पण सीआरआरच्या हिशेबात तिला किंमत नाही. चेस्टपासून लांब, पावसाळ्यात रस्ता तुटणाऱ्या गावातली शाखा जास्त रोकड ठेवते. ती व्यवस्थापकाची आळशीगिरी नाही. बाजाराच्या दिवशी एटीएम रिकामं राहिलं तर त्यालाच ऐकून घ्यावं लागतं.

जबरदस्तीने आलेल्या शिलकीचं टोकाचं उदाहरण म्हणजे नोटाबंदी. ८ नोव्हेंबर २०१६ नंतर १५.३ लाख कोटींच्या जुन्या नोटा बँकांत परत आल्या. कर्जाची मागणी तर थंडावलेली होती. २६ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने १६ सप्टेंबर ते ११ नोव्हेंबरदरम्यान वाढलेल्या ठेवींवर १०० टक्के सीआरआर लावला. म्हणजे त्या काळात वाढलेला सगळा पैसा बिनव्याजी बांधून ठेवा. बचत खात्यावर व्याज मात्र बँकेनेच द्यायचं. पुढे पैसा शोषून घेणाऱ्या सरकारी रोख्यांची मर्यादा सहा लाख कोटींपर्यंत वाढवली गेली आणि १० डिसेंबरला ती अट उठली. या काळातली शिलकीची आकडेवारी दाखवून ‘भारतीय बँका कर्ज द्यायला कचरतात’ असा निष्कर्ष काढणं चुकीचं ठरेल. ती शिलकी बँकांनी निवडलेली नव्हती.

निवडलेली शिलकी दिसते ती कर्जाच्या टेबलावर. २०१८ मध्ये आपल्या बँकांची थकीत कर्जं ११ टक्क्यांच्या पुढे गेली होती. ११ सरकारी बँका रिझर्व्ह बँकेच्या सुधारणा चौकटीत, म्हणजे कमकुवत बँकांवरच्या निर्बंधांखाली, होत्या. पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र त्यांपैकी एक, जानेवारी २०१९ अखेर ती बाहेर पडली. देना बँकेला तर मे २०१८ मध्ये नवं कर्ज द्यायलाच मनाई झाली. ठेवी मात्र येतच होत्या. लोकांचा सरकारी बँकेवर विश्वास असतो, आणि पगार, पेन्शन, अनुदानं तिथेच जमा होतात. अशा बँकेने त्या पैशाचं काय करायचं? सरकारी रोखे आणि रिझर्व्ह बँक. पैसा बुडण्याच्या जोखमीपोटी दोन्हींवर भांडवल शून्य लागतं. एका साध्या १०० कोटींच्या औद्योगिक कर्जाला जोखीमभार शंभर टक्के धरला तर ११.५ कोटी भांडवल बाजूला ठेवावं लागतं. एसएलआर, म्हणजे ठेवींतला मुख्यतः सरकारी रोख्यांत ठेवायचा सक्तीचा हिस्सा, १८ टक्के असताना बँका त्याच्याहून कितीतरी जास्त रोखे धरून असतात, त्याचं मूळ इथे आहे. १९९१ च्या सुमाराला ३८.५ टक्के एसएलआर आणि वर १५ टक्के सीआरआर कायद्यानेच लादलेला होता. आता बंधन उतरलं, सवय बऱ्याच अंशी टिकली.

आणि कर्ज मंजूर करणारा अधिकारी. सरकारी बँकेत कर्ज बुडालं की ‘स्टाफ अकाउंटेबिलिटी’ची फाईल उघडते. मंजुरीच्या वेळचा प्रत्येक कागद, प्रत्येक सही तपासली जाते. न दिलेल्या कर्जाची फाईल कधीच उघडत नाही. मालेगावचा यंत्रमागवाला किंवा इचलकरंजीचा जॉबवर्क करणारा वर्षानुवर्षं नीट धंदा करत असेल, पण त्याचे हिशेब अर्धे वहीत आणि अर्धे तोंडी असतील, तर त्याला ‘नाही’ म्हणणं अधिकाऱ्यासाठी पूर्णपणे सुरक्षित असतं. ५० कोटींपर्यंतच्या बुडीत खात्यांसाठी केंद्राने ऑक्टोबर २०२१ मध्ये वेगळे नियम दिले, एप्रिल २०२२ पासून ते लागू झाले. प्रामाणिक निर्णय चुकला तर त्याची शिक्षा होऊ नये हा त्यामागचा हेतू. हेतू योग्यच आहे. पण कागदावरच्या नियमापेक्षा शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं निवृत्तीच्या तोंडावर काय झालं, हे अधिकारी जास्त लक्षात ठेवतो. मला या साऱ्या विषयात सर्वात जास्त खुपतं ते हे. ट्रेझरीतली भीती दोन खिडक्यांच्या वेळा बदलून कमी करता येते, ही करता येत नाही.

मध्य आफ्रिकेतल्या सहा देशांची सामायिक मध्यवर्ती बँक याउंदेला आहे. तिथे तेलाच्या तेजीत बँकांकडे राखीव पैसा ओसंडत होता, तरी छोट्या उद्योजकाला कर्ज मिळणं अवघडच राहिलं. जमिनीची कागदपत्रं अपुरी, कर्जदाराच्या परतफेडीचा इतिहास कुठे नोंदलेला नाही, आणि शिल्लक पैसा घालायला खोल रोखेबाजार नाही. आपल्याकडे रोखेबाजार खोल आहे, परतफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्था आहेत. म्हणून आपली शिलकी व्याज मिळवत एसडीएफमध्ये आणि रोख्यांत बसते. पण लहान कर्जदाराच्या दारातून दोन्हींकडचं चित्र फारसं वेगळं दिसत नाही.

पुढे हा साठा घटेल असंही नाही. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून ठेवीदारांनी एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढायला घेतले, तेही बसल्या जागेवरून. त्यानंतर आपल्या रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये नियम बदलला: इंटरनेट आणि मोबाईल बँकिंग जोडलेल्या किरकोळ ठेवींपैकी तीस दिवसांच्या संकटात निघून जाणारा हिस्सा पूर्वीपेक्षा अडीच टक्के जास्त धरायचा. स्थिर ठेवींसाठी ५ ऐवजी ७.५ टक्के, बाकीच्यांसाठी १० ऐवजी १२.५. अंमल १ एप्रिल २०२६ पासून. त्या हिश्श्याइतकी तत्काळ रोख होणारी मालमत्ता बँकेने जवळ ठेवायची: सरकारी रोखे, किंवा सीआरआरपेक्षा जास्त असलेली रिझर्व्ह बँकेतली शिल्लक.